नेसणं, घालणं आणि गाऊन

आमच्या दारामागे एक खुंटी आहे. तिच्यावर छत्री, भाजीची पिशवी आणि एक फिकट पडलेली सुती ओढणी एवढंच असतं. ओढणी कुठल्या ड्रेसवरची होती हे आता आईलाही आठवत नाही. तो ड्रेस केव्हाच फाटला, ओढणी मात्र रोज कामाला येते. बेल वाजली की आईचा हात आधी खुंटीकडे जातो, ओढणी गाऊनवर दोन्ही खांद्यांवरून येते आणि मग कडी निघते. दारात गॅसवाला असो, कुरिअरवाला असो, नाहीतर समोरच्या घरातला दहा वर्षांचा मुलगा वाटीभर साखर मागायला आलेला असो. दार लागलं की ओढणी परत खुंटीवर.

कितीतरी वर्षं मी हे बघत आले, पण त्याबद्दल लिहावं असं कधी मनात आलं नाही. महाराष्ट्राच्या पोशाखावर लिहायचं म्हटलं की पैठणी, नथ, फेटा यांच्यावर लिहायचं, अशी आपली सवय. पैठणी वर्षातून एकदोनदा नेसली जाते. बाकीचे दिवस, सकाळचं दूध तापवण्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंत, शहरातल्या आणि आता गावातल्याही असंख्य बायकांच्या अंगावर गाऊन असतो. कपाटात घडी घालून ठेवलेल्या कपड्यांवरून घरातली हौस कळते. घरातलं आयुष्य कळायचं असेल तर गॅलरीतल्या दोरीवर काय वाळतंय ते बघावं लागतं.

हा गाऊन आपल्याकडे आला कसा, हे समजून घ्यायला आपलीच दोन क्रियापदं उपयोगी पडतात. साडी नेसतात, धोतर नेसतात. सदरा घालतात, पोलकं घालतात, लेंगा घालतात. फेटा बांधतात, शाल पांघरतात, उपरणं खांद्यावर टाकतात, ओढणी घेतात, गजरा माळतात, बांगड्या भरतात. कुणी ‘साडी घातली’ म्हणालं की जुन्या माणसांच्या कानाला लगेच खटकतं. न शिवलेलं, सरळ, लांबच लांब कापड अंगाभोवती घेऊन त्याला आकार द्यायचा, ते नेसणं. कापडाला शिंप्यानं आधीच आकार दिलेला असतो आणि आपण त्यात शिरतो, ते घालणं. नेसायला सवयीचे हात लागतात, घालायला नुसतं अंग पुरतं. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्या रोजच्या पोशाखात जे घडलं ते बरंचसं या एका वाटेनं घडलं: नेसण्याकडून घालण्याकडे.

नेसण्यात काय काय सामावलेलं होतं ते मला आजीच्या लुगड्यामुळे कळलं. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. कमरेला गाठ, समोर निऱ्या, दोन पायांमधून मागे नेऊन खोचलेला काष्टा, डाव्या खांद्यावरून पदर. हे सगळं ती बोलता बोलता, आरशाशिवाय, काही क्षणांत उरकायची. काष्ट्यामुळे दोन्ही पाय वेगळे होतात, त्यामुळे लुगडं नेसलेली बाई उकिडवी बसू शकते, जात्यावर बसू शकते, विहिरीच्या पायऱ्या उतरू शकते. कोकणात भातलावणीच्या वेळी गुडघाभर चिखलात वाकून तासन् तास काम करायचं तर कापड पायात येऊन चालत नाही. कोळणींचं लुगडं आखूड आणि मांडीला घट्ट असतं ते याच कारणानं. मासळीची पाटी डोक्यावर आणि पाय ओल्या वाळूत, असं त्यांचं काम. पुण्याच्या वाड्यातलं नेसणं घोट्यापर्यंत उतरलं, कारण तिथे चिखल नव्हता. एकाच लांबीच्या कापडाला कामानं इतके वेगवेगळे आकार दिले.

आणि खिसे! लुगड्याला खिसा नाही असं म्हणणाऱ्यानं लुगडं नीट पाहिलेलं नाही. निऱ्यांच्या वरच्या भागाचा ओचा करायचा, त्यात शेंगा, भाजी, चिंचा काय वाटेल ते मावायचं. कमरेच्या गुंडाळीत कनवट, तिथे पैसे. पदराच्या टोकाला गाठ, तिच्यात किल्ली किंवा आठवणीनं करायच्या कामाची खूण. चंची वेगळी, ती पानसुपारीची. आजीकडे कधी पर्स नव्हती आणि तिचे पैसे कधी हरवल्याचं मला आठवत नाही.

सर्वांत मोठी सोय म्हणजे माप लागत नव्हतं. सोळाव्या वर्षी आणलेलं लुगडं चार बाळंतपणांनंतरही तसंच बसायचं. अंग सुटलं तर निऱ्या दोन कमी, वाळलं तर दोन जास्त. आईचं लेकीला, सासूचं सुनेला चालायचं. त्याबरोबरची चोळीसुद्धा शिवलेली असली तरी पुढे गाठ मारायची होती, म्हणजे तीही अंगाबरोबर सैल-घट्ट व्हायची. तिच्यासाठी लागणारा खण बहुतेक कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातून, गुळेदगुड्डहून यायचा. सोलापूर-कोल्हापूर-सातारा भागात रोज नेसायची ईरकली लुगडी त्याच जिल्ह्यातल्या इलकलची. ईरकलीत अंगाचं सूत आणि पदराचं रेशीम वेगवेगळं ताणून, फासे अडकवून जोडतात. सणाला रेशमी पदर मिरवायचा आणि उरलेलं अंग रोजच्या धुण्याला टिकणारं, अशी ती रचना आहे. पुढे यंत्रमाग आले. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला, आणि गिरण्या व माग मिळून रोजचं कापड स्वस्त झालं.

लुगडं जुनं झालं की संपत नव्हतं. आधी ते बाहेरून घरात यायचं, घरातून शेतात जायचं, विरलं की बाळाची झोळी व्हायचं, लंगोटी-दुपटी व्हायचं, मग चार-पाच लुगडी एकावर एक घालून गोधडी शिवली जायची. कित्येकदा धुतल्यावर सुताला जो मऊपणा येतो तो नव्या कापडाला येत नाही, म्हणून गोधडीला जुनंच लुगडं हवं. गोधडीही फाटली की पायपुसणं. शहरात हा प्रवास मध्येच थांबायचा, कारण दारात बोहारीण यायची. एका पातेल्यासाठी चार साड्या आणि एक पँट, त्यावर ‘ही पँट गुडघ्यात गेलीय, बाई’ म्हणून अर्धा तास घासाघीस. जुने कपडे मोजून घेताना त्या बायका शिवण ताणून बघायच्या, कापड उजेडात धरायच्या. कापडाची तेवढी पारख मी नंतर मोठमोठ्या दुकानांतही पाहिली नाही.

घरातले कपडे आणि बाहेरचे कपडे हा भेदही जुनाच, पण त्याची दिशा उलटी होती. सोवळ्याच्या घरांत स्वयंपाक करणारी बाई जे नेसायची ते सर्वांत शुद्ध. ओलेत्यानं किंवा लोकरीची धाबळी नेसून रांधायचं. सुती सोवळं असेल तर ते धुऊन छताला टांगलेल्या दांडीवर काठीनं वाळत घालायचं, म्हणजे कुणाचा हात लागायला नको. बाहेरून आलेला कपडा विटाळलेला. आज बाहेरचा कपडा इस्त्रीचा आणि स्वयंपाकघरातला कपडा लपवायचा. सोवळ्याची ती प्रथा गेली ते बरंच झालं, कारण तिच्या मुळाशी माणसांना दूर ठेवणं होतं. पण तिच्याबरोबर एक गोष्ट उलटली खरी: चुलीजवळच्या बाईचा पोशाख एकेकाळी घरात सर्वांत मानाचा होता.

नेसण्याचं गुणगान करताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. लुगडं पायात कुठवर उतरवायचं, हे सगळ्याच बायकांना स्वतः ठरवता येत नव्हतं. काम ठरवत होतं तसं जातही ठरवत होती. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या बायकांचं लुगडं आखूडच असायचं, गळ्या-हातांतले दागिने ठराविक धातूचे आणि ठराविक घडणीचे. दुरून माणूस ओळखू यावा यासाठीच ती व्यवस्था होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं, हे आपण शाळेत शिकतो. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या स्त्रियांशी वेगळं बोलले आणि जे बोलले त्यात मोठा भाग कपड्यांचा होता. आपली जात दाखवणारं नेसणं सोडा, लुगडं घोट्यापर्यंत न्या, त्या जड दागिन्यांचा सोस टाका, कापड फाटकं असलं तरी चालेल पण स्वच्छ असू द्या, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते लगोलग आचरणात आणलं आणि नव्या पद्धतीनं नेसायला सुरुवात केली. वीतभर कापड खाली ओढायला केवढं धैर्य लागलं असेल! गावी परतल्यावर त्या वीतभर कापडाकडे कोणाकोणाच्या नजरा गेल्या असतील, याचा विचार केला की रोजच्या पोशाखाला क्षुल्लक म्हणवत नाही.

पुरुषांचं नेसणं आधी सुटलं. कचेरी, आगगाडी, गिरणीतले फिरते पट्टे यांच्यापुढे धोतराचा सोगा टिकला नाही. आधी धोतरावर कोट आला, मग धोतर गेलं आणि कोटही गेला, उरली पँट. बायकांचं नेसणं टिकलं, पण बदललं. नऊवारीची सहावारी झाली, काष्टा सुटला. काष्टा घालावा की गोल नेसावं, सकच्छ की विकच्छ, यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत महाराष्ट्रात चांगलीच वादावादी झाली. गोल नेसणं म्हणजे थेरं, असं मानणारी घरं होती. आज सगळ्या देशाला ‘साडी’ म्हटलं की जो गोल आकार डोळ्यांपुढे येतो त्याच्या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी सेवेत गेलेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८६४ मध्ये त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईला आल्या. इथल्या पारशी बायकांचं नेसणं त्यांनी पाहिलं, त्यात आपले बदल केले आणि ती पद्धत कलकत्त्याला नेली.

काष्टा सुटल्यावर पायांना आच्छादन हवं म्हणून परकर आला. पॉपलीनचा, नाडीचा. नाडी कमरेला घट्ट आवळायची, कारण साडीच्या सगळ्या निऱ्यांचा भार तिच्यावर. आपल्याकडच्या कित्येक बायकांच्या कमरेला काळसर वळ असतो, तो या नाडीचा. हा वळ बहुतेकींच्या बाबतीत वळच राहतो, पण कधीतरी, फार क्वचित, त्याचं पुढे काय होतं हे वैद्यकशास्त्रानं नोंदवून ठेवलंय. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये धोतराच्या कमरेवरच्या गुंडाळीशी संबंधित त्वचेच्या कर्करोगाचं वर्णन केलं. नंतर साडीच्या बाबतीतही तसे रुग्ण आढळले. अगदी २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन वृद्ध स्त्रियांची हकिगत बीएमजे केस रिपोर्ट्स या नियतकालिकात प्रसिद्ध केली. एकीच्या कुशीवर दीड वर्ष न भरणारी जखम होती. दुसरी परकराशिवाय लुगडं कमरेला आवळून नेसणारी, तेही चाळीस वर्षं रोज. घट्ट नाडी रोज त्याच जागी घासते, उन्हातान्हात तिथे घाम आणि धूळ साचते, त्वचा सोलवटते, जखम भरायच्या आत पुन्हा घासते. उपाय साधा आहे. नाडीऐवजी रुंद पट्टी लावायची, गाठ सैल ठेवायची, तिची जागा अधूनमधून वर-खाली करायची आणि न भरणारी जखम झाली तर लाजून लपवायची नाही. हे ज्या घरात कोणी सांगितलेलं नसेल तिथे कृपा करून सांगा.

साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलीन आलं, टेरीकॉट आलं, नायलॉनच्या साड्या आल्या. आज पॉलिएस्टरला नावं ठेवणं सोपं आहे, पण ज्या बाईनं पावसाळ्यात नऊवारी पिळली आहे तिला विचारा. सुती धागा वनस्पतीचा, सेल्युलोजचा. त्याला पाण्याची ओढ असते. नुसत्या हवेतलं बाष्पही तो आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून पॉलिएस्टरची साडी रात्री धुतली की सकाळी वाळलेली, आणि तिला चुणी पडत नाही. सुताला चुण्या पडतात त्या पाण्यामुळेच: ओलसरपणानं धाग्यातल्या रेणूंची एकमेकांशी असलेली पकड सुटते, वाळताना वाकलेल्या जागीच ते पुन्हा एकमेकांना धरतात. इस्त्रीची उष्णता आणि पाण्याचा शिडकावा हीच क्रिया उलट, सपाट स्थितीत करतात. नीळ, खळ, इस्त्री आणि परटाकडे जाणारं गाठोडं या सगळ्या व्यापातून टेरीकॉटनं नोकरदार घराला सोडवलं. ‘परीटघडी’ हा शब्द तेव्हापासून बोलण्यात उरला, कपाटातून मात्र गेला.

त्याची किंमतही होती. जो धागा पाणी धरत नाही तो घामही टिपत नाही. आणि हा धागा जळताना वितळतो. रॉकेलच्या स्टोव्हच्या काळात नायलॉनच्या पदरानं पेट घेतला तर कापड वितळून कातडीला चिकटायचं. स्वयंपाक करताना सुतीच नेसा, हे आई लोक घसा फोडून सांगायच्या ते उगीच नव्हतं.

मग सलवार-कमीज. मराठी घरांत त्याचं नाव पंजाबी ड्रेस, आणि हळूहळू नुसतं ‘ड्रेस’. तो आधी कॉलेजच्या मुलींनी घातला, मग नोकरीवर जाणाऱ्या बायकांनी, कारण लोकलच्या गर्दीत निऱ्या सांभाळणं जिकिरीचं. पण सुनांना तो सहजी मिळाला नाही. माहेरी ड्रेस, सासरी साडी, असा अलिखित करार कितीतरी घरांत वर्षानुवर्षं चालला. सासरचं स्टेशन येण्याआधी गाडीत साडी नेसणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

गाऊन मात्र सासूच्या डोळ्यांदेखत घरात शिरला, आणि माझ्या माहितीतल्या बहुतेक घरांत तो बाळंतपणाच्या वाटेनं शिरला. बाळंतिणीला साडी जड होते, टाके असतात, नाडी सोसत नाही, बाळाला दर दोन तासांनी पाजायचं असतं. पुढे चेन असलेला, सैल, सुती गाऊन तेवढ्यापुरता म्हणून आणला गेला. चाळीस दिवस झाले, दोन महिने झाले, साडी परत सुरू करायचा मुहूर्त काही लागेना. ज्या शरीरानं एवढं काम केलं त्याला एकदा सैल वाटलं आणि ते पुन्हा आवळून घ्यायला तयार होईना. एकदोन वर्षांनी सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं निघालं आणि त्यांच्यासाठीही दोन गाऊन आले. माझ्या आजीनं मात्र हाड मोडून खाटेवर पडेपर्यंत गाऊनला हात लावला नाही. नंतर घातला तो काही तिनं काढला नाही.

आता जरा गाऊन जवळून पाहू. आमच्या आईचा आहे तो जांभळ्या बुट्ट्यांचा, छातीपाशी जोड, त्याखाली चुण्या देऊन सोडलेला घेर. लांबी ५४ किंवा ५६ इंच. बाह्या कोपराच्या वर, म्हणजे कणीक मळताना दुमडायला नकोत. उजव्या बाजूला शिवणीत एक खिसा. कापड राजस्थान-गुजरातकडच्या छपाईचं, सुती. गळ्याला उलटी पट्टी आणि दुकानाच्या लेबलवर दोन शब्द: फ्री साइज. हे लेबल बघून मला आजीचं लुगडं आठवतं. ब्लाऊजला माप लागतं, ड्रेसला माप लागतं, जीन्सला तर लागतंच, आणि ते माप दरवर्षी बदलतं. मापाच्या कपड्यात अंग बदललं की बाईनं अंगाला दोष द्यायचा. नेसण्यात तसं नव्हतं आणि गाऊनमध्येही नाही. शिवलेल्या कपड्यांच्या काळात लुगड्याची ती मोकळीक परत मिळाली ती गाऊनमध्येच. काष्ट्याची चपळाई त्यात नाही, जिन्यावर तो पायात येतो, हे खरं. पण खिसा आला आणि ओचा-कनवटीची उणीव निम्मी तरी भरून निघाली. आईच्या खिशात कपड्यांचे चिमटे, फोन आणि सुटी नाणी असतात. ती चालली की खिसा वाजतो.

एवढ्या कामाच्या कपड्याला प्रतिष्ठा मात्र मिळाली नाही. नवी मुंबईतल्या गोठिवली गावात २०१४ मध्ये तिथल्या महिला मंडळानेच दिवसा गाऊन घालून बाहेर फिरायला बंदी केली होती, दंड ५०० रुपये. चार वर्षांनी आंध्र प्रदेशातल्या तोकलपल्ली गावानं तोच प्रकार केला. दंड २,००० रुपये, आणि गाऊन घातलेली बाई दाखवून देणाऱ्याला बक्षीससुद्धा! गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकणाऱ्या कपड्याला हा दंड, हे मला फार वेळ उमगत नव्हतं. साडीत पोट दिसतं, पाठ दिसते, तिला कोणी काही म्हणत नाही. नाक्यावर सकाळी बनियन आणि बर्मुड्यावर दूध आणायला गेलेल्या काकांना कोणी हटकत नाही. निवडणुकीत किंवा मॅरेथॉनमध्ये फुकट मिळालेला, कुणाचं तरी नाव छापलेला टी-शर्ट घालून माणसं बँकेतही जातात. मग अडचण अंगाची नसणार. गाऊन घातलेली बाई कामाच्या मध्यात असते. तिनं अजून केस विंचरलेले नसतात, ती कोणासाठी तयार झालेली नसते. बाईनं उंबऱ्याबाहेर तयार होऊनच दिसावं, ही अपेक्षा ओलांडली जाते, आणि दंड त्याचा असतो. सरकारी कर्मचाऱ्यांनी कचेरीत काय घालावं याचा आदेश महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये काढला. जीन्स नको, टी-शर्ट नको, चपला नकोत, आठवड्यातून एकदा खादी. कचेरीला तसा नियम असू शकतो. घराच्या जिन्याला आणि भाजीच्या गाडीला कचेरी समजणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून ती दारामागची ओढणी मला बरीच वर्षं सलत होती. गेल्या उन्हाळ्यात आईबरोबर गाऊन आणायला गेले होते. दुकानदारानं नवा माल काढला: गाऊन आणि त्याच्याच छपाईची जोडीची ओढणी, एका पिशवीत. आता असे संच सर्रास मिळतात. मला वाटलं, आईला आवडेल. तिनं ओढणी दोन बोटांत धरून चोळली, तळहातावर दाबली आणि परत ठेवली.

“पॉलिएस्टर आहे गं. ही काय पाणी टिपणार?”

घरी आल्यावर मी त्या खुंटीवरच्या ओढणीकडे नीट लक्ष ठेवलं. दिवसभरात ती दारासाठी तीनदा उतरली असेल. बाकीच्या वेळा मोजताना माझी मोजदाद चुकली. हात पुसायला, कपाळाचा घाम टिपायला, कुकर उतरवताना चिमटा सापडला नाही तेव्हा हाताशी धरायला, गॅलरीतून आणलेले वाळलेले कपडे बांधायला, दुपारी पंख्याखाली पाठ टेकली तेव्हा डोळ्यांवर घ्यायला. संध्याकाळी माझी भाची झोपाळली, तिला मांडीवर घेऊन आईनं ओढणीचंच पांघरूण केलं आणि टोक स्वतःच्या खांद्यावर टाकलं. डाव्या. लुगड्याचा पदर असायचा त्याच खांद्यावर.

आईनं शेवटी तसाच जांभळ्या बुट्ट्यांचा गाऊन आमच्या शिंपीकाकांकडून शिवून घेतला. माप म्हणून जुना गाऊन दिला आणि खिसे दोन्ही बाजूंना सांगितले.